बसचं तोंड कुणीकडे?

साकोलीचा माणूस शहरी की गावठी, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. त्याच्या बसचं तोंड कुणीकडे आहे, ते बघावं लागतं. आगारातून सुटलेली गाडी नागपूरच्या दिशेला लागली, की आतला माणूस टप्प्याटप्प्याने गावठी होत जातो. लाखनीपर्यंत त्याला काही होत नाही. वैनगंगेचा पूल गेला, की भंडाऱ्याला चढलेले लोक त्याच्या पिशवीकडे बघू लागतात. मौदा गेलं, आणि पारडीला शहर लागेस्तोवर ‘बर्डी कोठी येते जी?’ असं शेजाऱ्याला विचारून तो मोकळा झालेला असतो. गणेशपेठेच्या स्थानकात उतरतो तो पुरता झाडपी.

आता तोच माणूस, तीच पिशवी, तोच आगार. गाडी मात्र देवरीची. चिचगडला साळ्याच्या दारात उतरताना त्याचा आवाज अर्धी पट्टी वर गेलेला असतो. ‘तुमच्या इकडे नेटवर्क राहत नाही का गा?’ हा पहिला प्रश्न. मग ‘आमच्या साकोलीत तर’ या तीन शब्दांनी सुरू होणारी वाक्यं जेवण होईस्तोवर चालतात. साळा निमूट ऐकून घेतो. त्याला उद्या ककोडीला जायचं असतं आणि तिथे ‘आमच्या चिचगडात तर’ म्हणायचं असतं.

पश्चिमेकडची शिडी आणखी लांब आहे. पुणेकराला नागपूर म्हणजे उन्हात ठेवलेलं मोठं खेडं वाटतं. तिथल्या ‘काय करून राहिला बे?’ला तो मनापासून हसतो. नागपूरकराला ते लागतं. मग तो सांगतो की १९५६ पर्यंत हे शहर एका अख्ख्या राज्याची राजधानी होतं, आणि आजही हिवाळ्यात सरकार इथे येतं. (येतं, संत्री खातं, जातं.) एवढं सांगूनही पुणेकराचं हसू थांबत नाही, तेव्हा तो गणेशपेठेच्या स्थानकावर येऊन भंडाऱ्याच्या माणसाला शोधतो. भंडारेकर साकोलीवाल्याला शोधतो. साकोलीवाल्यासाठी शेजारच्या सेंदूरवाफ्याची सोय होती, पण सरकारने दोघांची मिळून एकच नगर परिषद केली आणि एका रात्रीत दोघेही नागरिक झाले. गुरं पूर्वीसारखीच रस्त्यात बसतात. आता ती नागरी हद्दीत बसतात एवढंच.

शहर व्हायचे प्रयत्न आम्ही आधीही केले. २०१३ साली मुंडीपारला भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. भूमीची पूजा झाली, कारखाना मात्र आला नाही. पुढे महामार्गावर उड्डाणपूल आला. उड्डाणपूल ही शहराची पक्की खूण, त्यामुळे आम्ही खूश झालो. नंतर लक्षात आलं की रायपूर-नागपूरची वाहनं आता आमच्या डोक्यावरून जातात. पूर्वी शहरातला माणूस चहापुरता तरी थांबून आम्हाला नावं ठेवायचा. आता तेवढाही संबंध उरला नाही.

दुसऱ्याला गावठी ठरवायचा हा आजार आपल्याच मातीतला आहे असं समजू नये. आयर्लंड हा जेमतेम पन्नास लाखांवर लोकसंख्येचा देश; आपला एकटा नागपूर जिल्हाच २०११ साली साडेशेचाळीस लाखांचा होता. एवढ्याशा देशातही डब्लिनवाले बाहेरच्या सगळ्यांना ‘कल्ची’ म्हणून हिणवतात आणि बाहेरचे डब्लिनवाल्यांना ‘जॅकीन’ म्हणून परत देतात. खेड्यापाड्यांतली कुटुंबं ८ डिसेंबरच्या सणाला नाताळच्या खरेदीसाठी डब्लिनला उतरायची, अशी तिथे जुनी रीत होती. दुकानदार त्या दिवसाची वाट बघायचे आणि शहरवाले नाकं मुरडायचे. आमच्याकडे लग्नाचा बस्ता घ्यायला अख्खं कुटुंब इतवारी-गांधीबागेत उतरतं, तेव्हा गादीवर बसलेला दुकानदार कुणाचं गाव विचारत नाही. गावठीपणाची पारख त्याच्या नोकराला असते, आणि नोकर बहुतेक वेळा आमच्याच पवनीचा असतो.

मुद्दा तोच आहे. खानदानी नागपूरकराला साकोली कुठे आहे हेच धड ठाऊक नसतं. तो आम्हाला काय हिणवणार? आम्हाला हिणवतो तो आमचाच माणूस. वीस वर्षांपूर्वी इथूनच गेलेला, मानेवाड्यात किंवा बेसा रोडला घर केलेला. नागपुरात ‘गाव कोणतं?’ असं कुणी विचारलं तर तो ‘भंडारा साइडला’ म्हणतो. सात तालुक्यांवर पसरलेली ही साइड आपल्याला चिकटू नये म्हणून त्याने मेहनतही भरपूर केली आहे. घरात मुलांशी इंग्रजीत बोलतो. भावाचा फोन आला, की बाल्कनीत जाऊन झाडीबोलीत बोलतो. ही बोली शास्त्रशुद्ध अभ्यासाच्या योग्यतेची आहे, हे दाखवण्यात साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं, पुस्तकं लिहिली, संमेलनं भरवली. आमच्या नागपूरकराने त्यातलं पान उघडलेलं नाही. पण दाराच्या फटीत बोट सापडलं, की त्याच्या तोंडून त्या पुस्तकांतली सगळी उदाहरणं अस्खलित बाहेर पडतात.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला हा येतो. स्वतःच्या गाडीने येतो. हद्दीबाहेर फ्लॅट स्वस्त मिळाला, त्यामुळे गाडीचा नंबर एमएच ४०, म्हणजे नागपूर ग्रामीण. हा विषय कुणी काढायचा नसतो. अंगणात खुर्ची टाकून तो आम्हाला सांगतो की गावात आता पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वीसारखं ठेवायचं काम त्याने कुणावर सोपवलं होतं, ते सांगत नाही. रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक असतं. ‘तेच ते रडणं आणि नाचणं,’ म्हणत मफलर गुंडाळून तो निघतो आणि पहाटे शेवटची घंटा होईस्तोवर जागचा हलत नाही. नागपूरच्या सभागृहात मुंबईचं नाटक आलं की हा पास मिळतो का ते बघतो. इथे धानाच्या बांधीत ताणलेल्या मंडपात तिकीट काढून बसतो. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, त्या दिवशी सगळ्यात आधी त्याचाच मेसेज आला: ‘आपली रंगभूमी.’

असा ‘आपली’ म्हणायचा दुसरा मुहूर्त निवडणुकीचा. २०२४ च्या विधानसभेला साकोलीचा निकाल अवघ्या २०८ मतांनी लागला. म्हणजे गच्च भरलेल्या चार एसटी गाड्या. त्यामुळे मतदानाच्या आठवड्यात नागपुरात राहणारा प्रत्येक साकोलीवाला भूमिपुत्र असतो. त्याला फोन येतात, प्रकृती विचारली जाते, गाडीची सोय होते. फोन करणाऱ्यांतले काही स्वतःच नागपुरात राहत असतात, ती गोष्ट वेगळी.

शहर आणि गाव यांच्यातला देण्याघेण्याचा हिशेबही एकदा बघून घ्यावा. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर चोवीस लाखांचं आणि आमचा अख्खा भंडारा जिल्हा बारा लाखांचा. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला जेवू घालायचं तर दुप्पट मोठ्याने घालावं, असं आपल्याला वाटेल. पण तांदूळ इकडून तिकडे जातो. नागपूरची गृहिणी दुकानात ठसक्यात ‘एचएमटी द्या’ म्हणते. तो वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या लहानशा शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या लोंब्या निवडून निवडून काढला आणि त्याला नाव दिलं ते त्या काळच्या प्रतिष्ठित घड्याळाचं. तांदूळ गावठी, नाव शहरी, विक्री जोरात. बदल्यात नागपूर आम्हाला काय पाठवतं? नाग नदी. शहराचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि गोसेखुर्दच्या धरणामुळे ते पाणी भंडाऱ्यापर्यंत तुंबून उभं राहतं. आम्ही साकोलीवाले चुलबंदच्या काठचे, म्हणून या आहेरातून वाचलो. भंडारेकर आम्हाला गावठी म्हणतात तेव्हा आम्ही एवढंच विचारतो, ‘पानी कसा आहे जी?’

सुटीच्या दिवशी मात्र शहराला आमची हवा लागते. नागझिऱ्याला जायला पहाटे गाड्या येतात. आत वाघ बघायला निघालेली माणसं वाघाला दिसू नयेत असे ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून, वाघाला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलत असतात. पिटेझरीच्या रस्त्यावर सायकलवरून शेताकडे निघालेल्या म्हाताऱ्याला थांबवून विचारतात, ‘काका, इकडे वाघ दिसतो का हो?’

‘दिसते जी.’

‘मग? काय करता?’

‘तो का करते ते पायतो.’

गाडीतले हसतात. काका गावठी आहेत हे ठरतं, फोटो निघतो.

या सगळ्याचा निकाल लागतो तो लग्नाच्या बाजारात, आणि तिथे विनोद थोडा आटतो. आमच्या गावोगाव तिशी ओलांडलेली मुलं बसून आहेत. पाच-पाच एकर धानाची शेती, पाण्याची सोय, पक्कं घर. पण मुलगा शेती करतो म्हटल्यावर स्थळ पुढे सरकत नाही. नागपुरात कंत्राटी नोकरी, भाड्याची खोली आणि हप्त्याची मोटारसायकल असलेल्याला मात्र मुली दाखवायला रांग. त्यात मुलींचं काय चुकतं? चिखलणी आणि रोवणी त्यांनी आईच्या कमरेकडे बघून पाहिली आहे. मला गंमत वाटते ती वधूपित्याची. त्याला जावई शहरातला हवा आणि सातबारा गावातला. परवा ओसरीवर चाललेली बोलणी कानावर आली. मध्यस्थ लाखांदूरकडचा, मुरलेला होता.

‘पोरगा कोठी राह्यते?’

‘नागपूरले जी. कंपनीत आहे.’

‘वावर आहे का पन?’

‘आहे ना. पाच एकर, बोअर लागून.’

‘पोरगा वावरात तं नाई जात?’

‘नाई जी! आपला बांध कोन्ता, तेबी त्याले मालूम नाई.’

‘मंग या म्हना पोरगी पाहाले.’