गोठामीमांसा

कच्चे दूध कोणत्या गोठ्यातून घ्यावे, या विषयावर एखादा शास्त्रग्रंथ झाल्याचे आमच्या गल्लीत कुणाच्या ऐकिवात नाही. सोयरीक जमवताना छत्तीस गुण ताडून पाहणारी माणसे जिचे दूध रोज चहात घालतात, त्या म्हशीचे तोंडही पाहत नाहीत. ही उणीव भरून काढावी म्हणून प्रस्तुत लेखकाने कोल्हापुरात तीन आठवडे शेण तुडवले.

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. रतीब लावायचा तर ही चारही लागतात. शिवाय एक किटली लागते, पण तिचा विचार आम्ही तेव्हा गौण मानला होता.

शब्दप्रमाण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकामी. चौकशी केली त्या प्रत्येक घरचा गवळी देवमाणूस निघाला आणि त्या घराने सोडलेला आधीचा गवळी चोर. दोन घरांच्या बाबतीत हा देव आणि चोर एकच इसम होता. उपमानाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. ‘आजोळच्या दुधावर बोटभर साय यायची’ या विधानातले बोट वर्षागणिक जाड होत असल्याने ते मापात धरता येत नाही.

अनुमान मात्र खोल पाण्याचा विषय. त्याचे साधन लॅक्टोमीटर, म्हणजे बुडाशी वजन असलेली काचेची नळी. दूध पाण्यापेक्षा जड, म्हणून निर्भेळ दुधात नळी वर तरंगते आणि आकडा साधारण 28 ते 32च्या दरम्यान येतो. पाणी पडले की नळी बुडते. इथवर सोपे. पण साय दुधाहून हलकी. ती काढून घेतली की खालचे दूध जड होते, आणि मग बेताचे पाणी घातले की आकडा पुन्हा जागेवर! एक चोरी केली तर पकडणारी ही नळी दोन केल्या की निर्दोष सोडते. शिवाय म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, गायीच्या चारच्या आसपास. तेव्हा म्हशीच्या दुधात तांब्याभर पाणी ओतून ते ‘गायीचं’ म्हणून खपवायची वाट मोकळीच. फक्त रंग चुगली करतो. गायीच्या दुधात कॅरोटीन उतरते म्हणून ते पिवळसर. म्हैस ते आधीच ‘अ’ जीवनसत्त्वात बदलून टाकते म्हणून तिचे दूध पांढरेफेक.

एवढे पांडित्य खिशात घालून आम्ही एका गोठ्यावर गेलो आणि नुकत्याच काढलेल्या दुधात नळी सोडली. आकडा आला 27. आम्ही गवळीमामांकडे अर्थपूर्ण पाहिले. मामांनी नळीकडे पाहिले.

“म्हस बरी हाय की सर,” ते म्हणाले, “ताप कशाला बघताय?”

घरी येऊन तासाभराने तेच दूध मोजले तर 30. कासेतून निघालेले दूध अंगाइतके गरम असते, फेसाळ असते, आणि गरम व हवा भरलेले दूध हलके. नळी बिचारी निवलेल्या दुधासाठी आखलेली. तात्पर्य, मामांनी विनोद केला नव्हता, निदान केले होते.

उरले प्रत्यक्ष. त्याचे पीठ गंगावेशीत. तिथल्या दूधकट्ट्यावर म्हशी रस्त्यावर आणून बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट पेला हातात देतात. पंढरपुरी म्हैस, शिंगे तलवारीसारखी मागे खांद्यापलीकडे गेलेली, शेजारून दुचाकी हॉर्न वाजवत गेली तरी पान्हा आवरत नाही. पाणी घालायला मध्ये जागाच कुठे? पण प्रत्यक्षवाद्याने पेल्याकडे नव्हे, हातांकडे पाहावे. कास धुतली का, पुसली का? पहिल्या दोन-चार धारा बाजूला सोडल्या का? त्यात गुठळ्या दिसल्या तर कासेला दगडी झाली समजावे. आचळ ओले करायला बोटे चरवीतल्या दुधातच बुडवली तर आपण उठावे. पान्ह्यासाठी सुई टोचताना दिसली तर बसूच नये.

एवढे करूनही एक पूर्वपक्ष उरतोच. ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतू चारही प्रमाणांना दाद देत नाहीत. धडधाकट दिसणारी म्हैसही ते दुधातून देऊ शकते. त्यावर आमच्या आईचे पाचवे प्रमाण आहे, ते म्हणजे गॅस. पाश्चरने 1860च्या दशकात तापवण्याचा उद्योग केला तो दारू टिकावी म्हणून. आईला हे सांगितल्यावर तिने दूध आणखी एकदा उकळले.

शेवटी रतीब त्या ताप बघितलेल्या म्हशीच्याच गोठ्यावर ठरला. पहिल्या सकाळी किटली पुढे केली. मामांनी माप बाजूला ठेवले, झाकण काढले, किटली नाकाशी नेली आणि कडीजवळच्या खाचेत नखाने खरवडून पाहिले.

“ही पैली घासून आणा सर. कालचं हाय ह्यात. दूध नासलं की उद्या गल्लीभर नाव माझंच घ्याल.”

आम्ही किटली घेऊन परत फिरलो. मागे रांगेतल्या काकूंनी आपल्या बरणीचे झाकण हळूच उघडून वास घेतला.