मीटरभर वायरीचा सीमावाद

घरगुती ध्वनियंत्रणेत प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणारी वायर बॅलन्स्ड असावी की अनबॅलन्स्ड, हा प्रश्न अंतराने मीटरभराचा असला, तरी त्यावर खर्ची पडणारी विद्वत्ता पाहता तो सीमावादाच्याच तोडीचा मानावा लागतो.

अनबॅलन्स्ड जोडणीत मधली तार संदेश वाहते आणि भोवतीची जाळी परतीची वाट व संरक्षण ही दोन्ही कामे एकाच पगारात करते, त्यामुळे जाळीत शिरलेली गुणगुण थेट गाण्यात मिसळते. तिच्या टोकाच्या आरसीए पिनेला रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचे नाव चिकटले आहे. ही पिन खोचताना तिचे मधले टोक आधी टेकते आणि जाळी नंतर, म्हणून आवाज चढलेला असताना ती खोचली की स्पीकरमधून जो भोंगा निघतो, त्यावरून संगीतसाधना सुरू झाल्याचे शेजाऱ्यांनाही कळते.

बॅलन्स्ड जोडणीत, म्हणजे बहुधा तीन पिनांच्या एक्सएलआरमध्ये, संदेशासाठी दोन तारा असतात आणि दोघींचा जमिनीच्या संदर्भातील इंपिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, समान राखलेला असतो. त्यामुळे बाहेरची गुणगुण दोघींना सारखीच चिकटते आणि पुढचे सर्किट दोघींतील फरक तेवढा उचलत असल्याने ती वजा होते. दोन्ही तारांवर परस्परविरुद्ध संदेश असणे हेच या पद्धतीचे मर्म, असा समज भाविकांत रूढ आहे. वस्तुतः दुसरी तार संदेशाविना रिकामी असली तरी भागते, विरोध मात्र समसमान हवा. ही युक्ती मुळात टेलिफोनवाल्यांची: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या ट्राम धावू लागल्या, तेव्हा जमिनीतून परतणाऱ्या एकतारी लाइनींत त्यांची घरघर घुसली आणि दोन तारांवाचून गत्यंतर उरले नाही. ग्रॅहॅम बेल यांनी पीळ दिलेल्या दोन तारांचे पेटंट १८८१ मध्येच घेऊन ठेवले होते.

दिवाणखान्यातून ट्राम जात नाही. तरीही बॅलन्स्ड वायर लावताच आवाज ‘खुलतो’, याचे कारण बहुतेकदा असे की, अनेक प्लेअर आरसीएवर २ व्होल्ट देतात आणि एक्सएलआरवर ४, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. ती व्हॉल्यूमची कळ किंचित फिरवूनही फुकट मिळाली असती. खरी गुणगुण, म्हणजे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींतील सूर, सहसा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची असते, आणि ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकण्याचा सल्ला देणारे जाणकारही भेटतात. या उपायाने गुणगुण जाते, क्वचित श्रोताही. लांबवरच्या, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर पोटात बाळगणाऱ्या स्पीकरपर्यंत दहा मीटर वायर न्यायची असेल, तर मात्र बॅलन्स्डचा खर्च सार्थकी लागतो.

गंमत अशी की, रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधील वेटोळे जमिनीला न बांधलेले, म्हणजे जन्मजात बॅलन्स्ड असते, आणि त्यातून निघणारा संदेश जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. परंतु परंपरेने तो आरसीएच्याच वाटेने जातो, तर शेजारचा धडधाकट ४ व्होल्टवाला सीडी प्लेअर तीन पिनांच्या बंदोबस्तात.