वार चुकता कामा नये

असाइनमेंट साधी होती: डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वर देऊळ, पाच पानं. वर्गातला डिचोलीकर मित्र नार्व्याला गेला, भटजींशी गप्पा मारल्या, फोटो काढले, ऱ्हस्व-दीर्घाची मनसोक्त कत्तल करून पानं सरांना दिली आणि मये तळ्याकाठी भजी खायला मोकळा झाला. मी पेडण्याचा. माझं काम चोख! आधी नेटवर सगळं तपासावं म्हणून जेवल्यावर लॅपटॉप उघडला.

शिवाजी महाराजांनी या देवळाच्या जीर्णोद्धाराला आरंभ केल्याचा शिलालेख दारावर आहे: शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. पुस्तकांत याची तारीख १३ नोव्हेंबर १६६८ अशी मिळते. शहाणा माणूस इथे पुढच्या वाक्याकडे वळतो. मी म्हटलं, वार जुळतो का बघू. नव्या ग्रेगोरियन गणनेने त्या तारखेला मंगळवार येतो, जुन्या ज्युलियनने शुक्रवार. दगड मात्र सोमवारावर ठाम. झालं! पोर्तुगालने नवं कॅलेंडर १५८२ सालीच घेतलं, इंग्रजांनी थेट १७५२ साली; म्हणजे तेव्हा गोव्यातली तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतली तारीख यांत दहा दिवसांचं अंतर. हे ज्ञान होईतो कोंबडा आरवला. मध्येच मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा नकाशा उघडला होता. कशासाठी, ते देवच जाणे. "न्हिद मरे आता!" आजी आतून ओरडली. फाईलमध्ये तोवर फक्त मथळा होता, आणि तोही नेमका मधोमध बसत नव्हता.

आमच्या विर्नोड्याच्या कॉलेजला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. त्यांनी बांद्याचं कुळकर्णीपण सोडलं. मला एक टॅब सोडवेना.

हे व्यसन तर नव्हे? तेही नेटवरच तपासलं. 'इंटरनेटचं व्यसन' हा आजार १९९५ साली आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने चक्क थट्टा म्हणून रचला होता, आणि लोकांना त्यात आपलीच लक्षणं सापडली. पुढे १९९८ साली किंबर्ली यंग यांनी वीस प्रश्नांची चाचणी छापली, गुण शंभरपैकी. ती मी लगेच सोडवली. गट निघाला 'मध्यम'. मध्यम! बारावीतसुद्धा माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. परत सोडवायला बसलो, या वेळी प्रश्न नीट वाचून.

सरांनी मुदत सोमवारपर्यंत वाढवली. तेवढा एकच सोमवार मी विनातक्रार स्वीकारला. डिचोलीकर म्हणाला, "म्हापशाहून बस धरूया, दगड तुका दाखयतां. येतलो?"

"थांब," मी म्हटलं, "आधी बसचं वेळापत्रक नेटवर बघतो."