उणे चोवीस आणि कुकरची रिंग

“काकू, आमच्याकडे आज उणे चोवीस आहे बरं!”

“काय बोलतेस! मी तर बिनस्वेटरची उभी आहे अंगणात.”

“इथलं नाही हो, मिनियापोलिसचं. पोट्टं गेलं तेव्हापासून मोबाइलवर दोन्ही गावांचं हवामान लावून ठेवलंय. उठलं की आधी तिथलं बघते, मग गॅस पेटवते.”

“फॅरेनहाइट आहे की सेल्सिअस, ते बघ आधी. मी वर्गात हेच ओरडायची. उणे चाळीसवर गेलं की मग वाद नाही, दोन्हीचा आकडा एकच.”

“सेल्सिअसच आहे. अन् उणे चाळीसचं नाव नका काढू. २०१९ च्या जानेवारीत उणे तेहतीस झालं होतं तिथे. विद्यापीठाने तास बंद ठेवले होते म्हणे.”

“त्याच हिवाळ्यात आपलंही साडेतीनवर आलं होतं की. २९ डिसेंबर २०१८. आमचे हे मफलर गुंडाळून बसले ते थेट जेवायलाच उठले. अन् २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं, तेव्हा काय आपण नागपूर सोडून पळालो? कूलरला खस लावली, दुपारी दारं लावून घेतली, निभलं. त्यांचाही काही बंदोबस्त असेलच.”

“हाव, बंदोबस्त जबरदस्त आहे. जमिनीखालून भुयारं, वरून बंद पूल. कितीतरी इमारतींत बाहेर पाय न ठेवता जाता येतं. गोफर वे म्हणतात त्याला. विद्यापीठाच्या मधून मिसिसिपी वाहते, तिच्यावर दुमजली पूल. खालून मोटारी अन् ट्राम, वरून पायी जाणारे. त्यांच्यासाठी तिथेही मधोमध बंदिस्त गल्ली केलेली. पन्नास हजारांवर विद्यार्थी आहेत, काकू! आपल्या काटोलची लोकसंख्या तेवढी नसेल.”

“मग तोंड का उतरलंय तुझं?”

“थंडीचं नाही हो एवढं. डिसेंबरात तिथे साडेचारला दिवस बुडतो. चार वाजताचा चहा होत नाही की रात्र! कॉलेजातून निघतो तोवर मिट्ट काळोख.”

“फोन कधी करतो?”

“सकाळी साडेसहाला. त्याचे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली. त्याआधी साडेपाचलाच वाजायचा. मी आपली अंधारात शाल घेऊन बसून राहायची.”

“अन् बोलतो काय?”

“थंडीचंच. बूट कसले, टोपी कसली, बर्फावर कोण घसरलं. ताट समोर असतं त्याच्या. खात-खात बोलून राहतो.”

“मग बाई, थंडी निमित्त आहे. तो एकटा जेवत नाही, तुला पंगतीला बसवतो. पण खोलीवर चौघं आहेत ना गं? एकटा का जेवतो?”

“तेच तर रामायण आहे! एक हैदराबादचा, एक इंदूरचा, एक कोल्हापूरचा अन् आमचं ध्यान. फ्रिजवर पाळ्या लावलेल्या: सोमवारी याचा वरणभात, मंगळवारी त्याचे आलू. कोल्हापूरचा म्हणे तांबडा रस्साच खरा, हा म्हणे सावजी खाऊन बघ, कानातून धूर निघेल. रोज भांडायचे, पण जेवायचे एकत्र. आता कुकरची रिंग गेली. शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही. नवी कोणी आणायची यावरून अबोला. एक ब्रेड खातो, दुसरा नूडल्स, अन् हा काय खातो ते मला धड दाखवतही नाही.”

“तिथे मिळत नाही का?”

“इंडियन स्टोअर आहे, पण त्या मापाची नाही म्हणतो. अन् बसने तासभर जायचं या थंडीत! वर याची नोकरी. व्हिसावर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, तेही विद्यापीठातच. डायनिंग हॉलमध्ये ताटं धुतो काकू! इथे स्वतःचं ताट उचललं नाही कधी.”

“बरं झालं! सून दुवा देईल तुला. आमच्या यांना विचार, केतकर सांगतील लगेच. ज्ञानकोशकार केतकर गं, शाळा त्यांची अमरावतीची. १९०६ साली कॉर्नेलला गेले. तिकडेही बर्फच. जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, १९११ ला डॉक्टरेट घेतली, अन् ज्ञानकोशाची कंपनी काढली ती आधी आपल्या नागपुरातच. तेवीस खंड झाले पुढे. त्यांना कुठे होता व्हिडिओ कॉल?”

“त्यांच्या कुकरची रिंग तर नव्हती ना गेली! बरं, मी म्हणत होते, आणखी एक स्वेटर विणून पाठवावा.”

“काही नको. त्या भुयारांत हीटर असतो, तुझे स्वेटर कपाटातच पडलेत बघ. रिंग पाठव. दोन पाठव, एक जास्तीची. डाळ शिजली की चौघं आपोआप बोलतील.”

“पाठवायची कोणाबरोबर? ते कोपऱ्यावरचे जाऊन राहिलेत पुढच्या आठवड्यात लेकीकडे, पण वहिनींना काही न्या म्हटलं की लगेच वजनकाटा काढतात. मागे सांबारवडीचा एवढासा डबा दिला, तर अर्धा परत आणून दिला. अन् उरलेला अर्धा पोचला की नाही, देव जाणे!”

“रिंगेचं कसलं आलंय वजन? मी बोलते. त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला माझ्या दोन कढया गेल्यात, त्या अजून परत यायच्या आहेत. आज तोच विषय काढते आधी.”