सोळा कोअर, तीन गड

आठ कोअर पुरले असते. हे मला आधीच ठाऊक होतं. रायझन ५७००जीत आठ कोअर, चित्र दाखवायची सोयही आतच. घरच्या लॅबला शहाणा माणूस तोच घेईल. पण ऑफिसातल्या पोरांनी ‘सर, घरी किती कोअर?’ विचारलं तर ‘आठ’ म्हणायला माझी जीभ रेटेना. (अजून कुणीही विचारलेलं नाही.) म्हणून आला ५९५०एक्स. सोळा कोअर, बत्तीस थ्रेड, आणि पडद्यावर चित्र उमटवायची अक्कल शून्य! वेगळं ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत तीन दिवस काळ्या पडद्यापुढे बसलो. कार्ड आलं, तरी व्हर्च्युअल मशीन उठेना. बायॉसमध्ये एसव्हीएम बंद होतं.

नावं मात्र प्रोसेसरच्याही आधी ठरली होती. प्रत्येक मशीनला एक गड. फायरवॉल प्रतापगड. पुरंदर टाळला, १६६५ साली तिथल्या तहात २३ किल्ले गेले, असलं नाव दारावर नको. हरिश्चंद्रगड टाइप करताना दमछाक होते, बाद. बॅकअपला जंजिरा, कारण तो मराठ्यांनाही घेता आला नाही. (पुढे गरज पडली तेव्हा मलाही आला नाही.) राजगड की रायगड यात दोन संध्याकाळी गेल्या. यादी चोवीस गडांची झाली.

पैसे कोअरमध्ये गेल्यावर रॅम परवडली ती सोळा जीबी. गडामागे चार जीबी धरले, तीन गड उभे राहिले. प्रोसेसर दोन टक्के काम करतो आणि उरलेला वेळ पंखा फिरवतो.

अण्णांनी मीटर बघून हिशोब मांडला : नुसतं बसून ८० वॅट, म्हणजे महिन्याला ५८ युनिट. “शंभरच्या वर दर बदलतो, ठाऊक आहे ना? हे करतं काय?”

चिडून मी त्यांना राजगड उघडून दाखवला. त्यात आमचे जुने ट्रेकचे फोटो स्कॅन करून ठेवलेत. गुडघे गेल्यापासून अण्णा जिना चढतात तेही कठड्याला धरून. संजीवनी माचीवरच्या फोटोपाशी ते थांबले. त्यात मी दहा वर्षांचा, त्यांच्या खांद्यावर दोघांच्या सॅका. जेवायची हाक दोनदा आली, तरी उठले नाहीत.

“समोर तोरणा दिसतोय बघ. तेवढा राहिला आपला.” मग यादीवर बोट ठेवून, “हा का बंद?”

“रॅम नाही, अण्णा.”

“मग घे की. बिलाचं मी बघतो.”