दहा-अकराचा पाना

आमचे दाजी म्हणजे आक्काचे मालक. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात दोन एकर शेत, आणि वर डोंगराच्या उताराला जांभळं, हिरडे, रायवळ आंबे असलं रान. कागदोपत्री व्यवसाय शेती, प्रत्यक्षात खटपट. असा एक खटपट्या बहुतेक गावांत असतोच. त्याच्या खिशात नटबोल्ट खुळखुळतात, कानावर पेन्सिल असते आणि अंगणात काल सायकल असलेली एखादी वस्तू पडलेली असते. उद्या ती काय असेल ते तिलाही ठाऊक नसतं. दाजींच्या अंगणात कोंबड्यासुद्धा जपून चालतात.

गेली दोन वर्षं मी पुण्याहून गेलो की दाजी 'कधी आलात' असं विचारत नाहीत. "पावणं, दहा-अकराचा पाना बघितलासा का कुठं?" असं विचारतात.

दाजींच्या खटपटीची सुरुवात वाऱ्यापासून झाली. वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा सगळा तालुका जमिनीचे भाव आणि वीज यांवर बोलत होता. दाजी मान वर करून नुसती पाती बघत होते. महिन्याभरात त्यांनी टेबलफॅनच्या पात्यांची एक चक्की शेताच्या बांधावर उभी केली. वारा आला की ती फिरायची आणि तिच्या दांड्याला बांधलेले दोन हातोडे तेलाच्या डब्यावर आदळायचे. रानडुकरं पळवायला. पहिले आठ दिवस एकही डुक्कर फिरकलं नाही. नवव्या रात्री सगळं खानदान आलं आणि डब्याच्या तालावर भुईमूग उपसून गेलं. डुकरांना आवाजाची सवय झाली, वस्तीला काही होईना. शेवटी भावकीतल्याच कुणीतरी रात्री चक्की उतरवली. दाजींना त्याचं वाईट वाटलं नाही. "कुठं चुकलं ते कळलं," म्हणाले. "आवाज बदलता पायजे हुता."

मग झेला आला. आंबा देठासकट उतरवला तर बरा. नाहीतर देठाचा चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात, हे कुणालाही माहीत असतं. दाजींनी लांब बांबूच्या टोकाला पातं आणि जाळं बसवलं, खाली सायकलच्या ब्रेकची मूठ लावली आणि मधून ब्रेकची केबल ओढून घेतली. मूठ आवळली की देठ कापला जायचा आणि आंबा अलगद जाळ्यात. फक्त वरचं टोक जड झालं, बांबू हातात डुलायला लागला. तेव्हा दाजींनी खालच्या टोकाला हाताला लागलं ते लोखंड तारेनं करकचून आवळलं आणि तोल साधला. या सगळ्यात आंब्याचे तीन हंगाम गेले आणि आक्काची एक बोरमाळ सोसायटीत गेली.

चौथ्या हंगामात मी दापोलीला एका लग्नाला गेलो. तिथं बागेत एक गडी देठासकट आंबे काढत होता. विचारलं तर म्हणाला, "हा नूतन झेला." कोकण कृषी विद्यापीठानं तो कधीच तयार केला होता आणि कोकणात वापरातही होता. पाटण आणि दापोली यांच्यामध्ये फार काही नाही. कुंभार्लीचा घाट उतरायचा, की पुढं चिपळूणवरून रस्ता. पण तीन वर्षांत ही एवढी बातमी घाट चढून आली नव्हती. आणायची तरी कुणी? कृषी सहायकाच्या गळ्यात अनेक गावं आणि त्यांचे पंचनामे. एखादा माणूस अंगणात बसून आधीच लागलेला शोध पुन्हा लावतोय का, हे बघायला जाणं कुणाच्याच कामात बसत नाही.

मी भीत भीत दाजींना सांगितलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना एकदम म्हणाले, "म्हंजे आपलं बरोबरच हुतं की!"

आणि त्याच दुपारी त्यांनी झेल्याचं जाळं सोडून मोठं बांधलं, जांभळासाठी. जांभळाची फांदी दिसायला जाडजूड, पण भार पडला की कचकन मोडते. दर हंगामात झाडावरून कुणीतरी पडतं आणि कराडच्या दवाखान्यात जातं. खालूनच घोस कापता आला तर झाडावर चढायलाच नको. दाजींच्या आयुष्यातली ही खरी कामाची कल्पना. अर्थातच तिच्याबद्दल ते सगळ्यात कमी बोलतात.

याच सुमाराला एका शहरातल्या कॉलेजात ग्रामीण नवसंशोधकांना बळ देणारं केंद्र निघालं. दाजींना बोलावणं आलं. मी सोबत. एसी हॉलमध्ये पहिल्या रांगेत दाजी झेला उभा धरून बसले होते, दिंडीतल्या पताकेसारखा. टाय लावलेल्या एका मुलानं नम्रपणे विचारलं, "काका, हे स्केल करता येईल का?"

"स्केल कशाला? आमी टेपनं मोजतो," दाजी म्हणाले. "अठरा फूट हाय."

मग शाल, श्रीफळ, फोटो. आक्काकडं आता अशा अकरा शाली आहेत. नारळ आमटीत जातात, शालींचं काय करायचं हा प्रश्नच असतो. "येक शाल कमी करा म्हणावं," ती म्हणते, "आन् तेवढ्याचं बेरिंग द्या."

त्या दिवशी केंद्रानं झेला 'पंधरा दिवस डिस्प्लेला' म्हणून ठेवून घेतला. त्यानंतर दोन मे महिने गेले. जांभळं गळून जमिनीवर पडली.

पेटंटचाही प्रयत्न झाला. मी एका वकिलाकडं दाजींना नेलं. सरकारी फी १६०० रुपये, ती ऐकून दाजी खूश झाले. अर्ज लिहून देणाऱ्याची फी ऐकून त्यांनी पाणी मागितलं. मग वकिलानं विचारलं, "याआधी हे यंत्र लोकांसमोर कुठं दाखवलंय का?"

दाजींची छाती फुगली. "पाटणच्या बाजारात दाखवलंय, यष्टी स्टँडवर दाखवलंय, पोरानं यूट्यूबवर टाकलंय!"

अर्जाआधी वस्तू जगजाहीर झाली तर पेटंटच्या कायद्यात ती नवी राहत नाही. वकिलानं हे समजावून सांगितलं. दाजींना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून नीट पटलेलं नाही. खटपट्या माणूस वस्तू करतो तीच मुळी दाखवायला. झाकून ठेवायची असती तर त्यानं तिजोरी केली असती.

घरात भिंतीवर दादाजी खोब्रागड्यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा दीड एकराचा शेतकरी. १९८३ साली भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या तीन ओंब्या त्यांनी बाजूला काढल्या आणि निवडत निवडत एचएमटी तांदूळ उभा केला. नाव पडलं ते त्या काळच्या घड्याळावरून. २०१८ मध्ये ते ओढग्रस्तीतच गेले. दाजी ही गोष्ट सांगायला लागले की आक्का आतून विचारते, "त्यांचा भात देशभर शिजला, त्यांच्या घरात काय शिजलं ते बी सांगा." दाजी तेवढ्यापुरते थांबतात.

अगदीच कुणी वाली नाही असंही नव्हे. अनिल गुप्तांच्या हनी बी नेटवर्कची मंडळी शोधयात्रेत पायी गावोगाव हिंडून अशी माणसं हुडकतात. २००० साली निघालेलं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे. त्यांच्याकडं तारण न मागता भांडवल देणारा निधीसुद्धा आहे. मी दाजींना म्हटलं, अर्ज करू. "काम पुरं झालं की करू," ते म्हणाले. त्यांचं काम पुरं झालेलं आजवर कुणी बघितलेलं नाही. त्यांची खरी बँक म्हणजे स्टँडमागचा वेल्डिंगवाला. त्याच्या वहीत दाजींच्या नावावर तीन पानं आहेत, पण त्यानं कधी 'बिझनेस मॉडेल काय' असं विचारलं नाही. "रॉड कितीचा लावू?" एवढंच विचारतो.

परवा झेला ठेवून घेतलेल्या त्याच कॉलेजातल्या केंद्राचा एक छापील फॉर्म आला. सोबत माहितीपत्रक, गुळगुळीत कागदाचं. मी भरायला बसलो. शेवटचा रकाना होता: 'आपल्याला कोणत्या स्वरूपाचे साहाय्य अपेक्षित आहे?'

दाजींनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता अनुदान येणार, वर्कशॉप येणार, निदान झेला तरी परत मागतील.

"लिवा," दाजी म्हणाले. "दहा-अकराचा पाना ज्यानं न्हेलाय त्यानं आणून द्यावा."

मी पेन ठेवलं आणि माहितीपत्रक चाळायला घेतलं. तिसऱ्या पानावर काचेच्या कपाटात दाजींचा झेला आडवा ठेवला होता, झकास प्रकाशात. प्रत्येक भागाला बाण आणि नाव. खालच्या टोकाच्या बाणापाशी लिहिलं होतं: 'प्रति-भार यंत्रणा'. मी पान डोळ्यांजवळ नेलं. तारेच्या वेढ्यांतून एका बाजूला दहाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला अकराचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

पान दाजींपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"दाजी, आजच कळवतो त्यांना. पाना सोडवून कुरियरनं पाठवा म्हणून."

"छ्या, छ्या! काढू नका म्हणावं," दाजी घाईघाईनं म्हणाले. "तोल जाईल त्याचा."