आधी साठा बघा, मग डबे भरा

बीडकराला हिवाळ्यात पाण्याकाठी शनिवार-रविवार काढायचा असेल, तर त्यानं आधी धरणाचा साठा बघावा. बाकीचं जग हवामान बघून बेत आखतं, आपण टक्केवारी बघून. पालीजवळचं बिंदुसरा जवळ पडतं, माजलगावचा पसारा मोठा. धनेगावच्या मांजराची तऱ्हाच वेगळी: जमीन केज तालुक्याची, तहान लातूरची. 2016 साली ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या साली तिथं नावेपेक्षा क्रिकेटची बॅट नेलेली बरी होती.

साठा बरा असला की ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात. निघताना एक जीप भरत नाही. हुरडा कुणाच्या रानातला यावर काथ्याकूट होतो, गूळ कुणी आणायचा यावर रुसवे. 'तिथं बगिचा आहे का?' असं कुणी विचारलंच, तर उत्तर येतं, 'बाभळी आहेत की!'

तरी हिवाळ्यात घराबाहेर पडण्यात आपल्या जिल्ह्याचा हात कोण धरणार? दिवाळी उरकली की लाखो माणसं भांडीकुंडी, लेकरं आणि कोयता ट्रॉलीत घालून ऊसपट्ट्याकडे निघतात. बुकिंग मुकादमाकडे. आगाऊ पैसे प्रवाशालाच मिळतात, उचल म्हणून. फेडायचे मात्र ऊस तोडून. मुक्काम पाचटाच्या कोपीत, पहाटेचं दहिवर फुकट, आणि परतीची तारीख कारखान्याचा पट्टा पडेल तेव्हा.